घुंगरं कुणी ऐकली?

बारामती एमआयडीसीतल्या एका दुधाच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली, की पिशव्या भरायच्या विभागातल्या बाया डबे काखोटीला मारून लिंबाच्या झाडाकडे पळत सुटायच्या. भूक तर असायचीच, पण पळण्याचं कारण निराळं होतं. उशीर झाला की खून हुकायचा.

खून करायची म्हाळसा कोकरे. पणदऱ्याहून कामाला येणारी, तिशी ओलांडलेली, उंच, सावळी आणि निम्मं बोलणं हातांनीच बोलणारी बाई. भाकरीचा पहिला तुकडा मोडता मोडता ती एका माणसाला मारायची, लोणच्यापर्यंत येईतो चार जणांवर संशय आणून ठेवायची, आणि डबा धुवायला उठताना म्हणायची, "खुनी कोन, ते उद्या."

"उद्या कशाला? आत्ता सांग की!" तिची जोडीदारीण सुकन्या तिचा पदरच धरायची. "माजा हात मशिनीत जाईल की गं. ध्यान लागत न्हाय कामात."

"मग इचार कर. सगळं सांगितलंय मी. तुला दिसलं न्हाय त्याला मी काय करू?"

हे रहस्यकथांचं वेड म्हाळसाला लागलं माहेरी, डाळजला. बाप मेंढरं राखायचा. हायवेवरच्या हॉटेलाच्या बाकड्यावर कुणा प्रवाशाचं विसरलेलं एक पुस्तक तिला सापडलं. पिवळट खरबरीत कागद, वर हॅटवाला माणूस, आणि त्याच्या पाठीशी पिस्तूल धरलेला एका बाईचा हात. म्हाळसा तेव्हा आठवीत होती. तिनं ते मेंढरांमागं वाचायला घेतलं. मेंढरं शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरली, तिला पत्ता नाही. बापानं पाठीत दोन धपाटे घातले, तरी पानातलं बोट काही निघालं नाही. शेवटी खुनी निघाला घरचा वकील! पहिल्यापासून सगळ्यांना धीर देणारा, विधवेला पाणी आणून देणारा वकील! म्हाळसा बांधावरून ताडकन उठली आणि एकटीच ओरडली, "अगं आई गं!" मेंढरंसुद्धा दचकली.

मग तिनं तेच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आणि तिसऱ्याच पानावर तिला वकिलाचा ओला रुमाल दिसला. लिहिणाऱ्यानं तो लपवला नव्हता. चांगला उघड्यावर ठेवला होता, फक्त शेजारी एक भांडण लावून दिलं होतं. वाचणारा भांडण बघत बसला. या लबाडीवर म्हाळसा जी भाळली ती भाळलीच.

लग्न होऊन ती पणदऱ्याला आली. नवरा राम दुधाचा टेंपो चालवायचा. स्वभावानं थंड, बायकोनं काय वाचावं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. देणंघेणं होतं ते सासूला, कुशाबाईला. कुशाबाईला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण बिरोबाच्या ओव्या ती संध्याकाळी सुरू करायची आणि एकही ओळ मागंपुढं व्हायची नाही. सुनेच्या हातातल्या पुस्तकावरचं चित्र बघून ती तोंड फिरवायची.

"रोज घरात नवं मढं आणतीस. बरं दिसतं का हे?"

"आत्याबाई, पुस्तकातलं मढं हाय. त्याला सुतक नसतं."

पुस्तकं यायची बारामतीतून, बसस्थानकाजवळच्या श्रीपादरावांच्या वाचनालयातून. श्रीपादराव निवृत्त मास्तर. रहस्यकथा त्यांनी सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवल्या होत्या. लोकांना वाटायचं, कमी दर्जाच्या म्हणून. खरं कारण असं, की त्यांना त्या स्वतःच्या खुर्चीतून न उठता हाताला लागायला हव्या असत. म्हाळसा आणि ते पुस्तकांवर असे भांडायचे, की बाकीचे वाचक वर्तमानपत्र खाली करून ऐकायचे. एका पुस्तकात लेखकानं शेवटच्या पानावर खुन्याचा जुळा भाऊच आणून उभा केला, तेव्हा म्हाळसानं ते टेबलावर आपटलं होतं.

"ही काय रीत झाली, सर? ह्या भावाचं नावसुदिक न्हाय आधी कुठं!"

"बरोबर आहे तुझं," श्रीपादराव चष्मा पुसत म्हणाले. "लपवायचं, फसवायचं, सगळं चालतं. पण सांगणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं खोटं बोलायचं नाही. पात्रांनी हवं तेवढं बोलावं. सांगणाऱ्यानं नाही. तेवढं मोडलं, की मग उरलं काय?"

हे म्हाळसानं मनात घट्ट धरून ठेवलं. खालची फळी वाचून संपली, लिंबाखालच्या बाया तर खून मागतच होत्या, तेव्हा तिनं स्वतःचे खून रचायला घेतले. भिगवणचे, इंदापूरचे, ऊसतोडीच्या फडातले. पण नियम तोच.

शहाण्णवच्या गणपतीत कारखान्याच्या मंडळानं ऑर्केस्ट्रा ठरवला होता. पण ऑर्केस्ट्रावाल्यांनी ऐनवेळी दुसरीकडची सुपारी घेतली आणि इकडं तीन दिवस मोकळे पडले. मंडळाची माणसं डोक्याला हात लावून बसली होती. तेवढ्यात सुकन्या पुढं झाली. "आमची म्हाळसा हाय की! तीन दिवस पुरंल असा एक खून सांगंल ती."

म्हाळसाला हे कळलं तेव्हा तिच्या हातातली दुधाची पिशवी खाली पडून फुटली. लिंबाखाली पंधरा बाया असायच्या. मांडवात ड्रायव्हर, वॉचमन, साहेबलोक, त्यांच्या घरची माणसं, सगळेच यायचे. पण नाही म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं ते, "माईक असंल का?"

पहिल्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर मांडव भरला. रामनं टेंपोतून कुशाबाईलाही आणलं होतं. "सून चारचौघांत काय बरळती ते बघून येऊ," म्हणून ती आली आणि अगदी पुढं, सतरंजीच्या कडेला, मांडी घालून बसली. म्हाळसानं माईक धरला आणि सुरुवात केली.

"डाळजच्या फाट्यावर तात्याची रसवंती. उसाचा चरक, चरकाला घुंगरं. चाक फिरलं की झुणझुण, झुणझुण, की गिऱ्हाईक वळलंच."

एवढं म्हणून तिनं हातातल्या बांगड्या माईकपुढं हलवल्या. मांडवात झुणझुण घुमली. पोरंटोरं हसली.

मग तिनं माणसं आणली. रसवंतीसमोर रस्त्यापलीकडं एका बाईची चहाची टपरी. बाई विधवा, नवरा हायवेवरच गेलेला, त्याचा हार घातलेला फोटो किटलीच्या वर टांगलेला. तात्याला चहाची तल्लफ आली, तर हा गडी समोरची टपरी सोडून जीप काढायचा आणि थेट भिगवणला जाऊन चहा प्यायचा! जीपही कशी, एका डोळ्याची. पुढचा एक दिवा फुटलेला, तो तात्या दुरुस्तच करीत नव्हता. लोक हसले. टपरीवरचं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे शाळेचे मास्तर. कानानं अधू, पण कबूल करायचे नाहीत. कुणी काही म्हणो, हे आपले मान डोलवायचे, "व्हय व्हय, बरोबर." म्हाळसानं मास्तरांची मान अशी हलवून दाखवली, की वॉचमनला ठसका लागला.

आणि अशा हसत्या मांडवात तिनं खून टाकला. त्या दिवशी तात्या चरकाशेजारी मरून पडलेला सापडला. अर्धा भरलेला रसाचा ग्लास, त्यात विष. त्याआधी दुपारी कुणी तरी गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला सायकलवरून तिकडं जाताना पाहिलं होतं, सायकलीच्या कॅरिअरला उसाच्या वाढ्यांची, हिरव्या शेंड्यांच्या चाऱ्याची, पेंडी. तात्यानं म्हणे त्याला साध्या पाण्याची इंजेक्शनं देताना धरलं होतं. पण फौजदारानं चौकशी केली, तेव्हा टपरीवाली बाई म्हणाली, शाळा सुटायच्या वक्ताला घुंगरं वाजली, झुणझुण, मी आपल्या कानानं ऐकली. हे मास्तर हितंच चहा पीत हुते. मास्तरांनी मान डोलवली. पुन्हा बांगड्या हलल्या. म्हणजे फौजदाराच्या हिशेबानं शाळा सुटेपर्यंत तात्या जिवंत! त्यानंतर रसवंतीत गेला एकटा तात्याचा सख्खा भाऊ, ज्याचं तात्याशी बांधावरून हाडवैर. फौजदारानं भावाच्या हातात बेड्या घातल्या.

"पन," म्हाळसा म्हणाली, "डाळजला एक कासारीण येती. सारजा तिचं नाव. दारोदार जाऊन बांगड्या भरती. गावातल्या एकूण एक सवाष्णीचा हात तिच्या हातातनं गेल्याला. हात हातात आला, की बाई मनातलं बोलती. सारजाला हे भावाचं काय पटंना. तिनं काय केलं, ते उद्या."

मांडव उठेना. लोक जागच्या जागी वाद घालायला लागले. जाताना ड्रायव्हर मंडळी भावाच्या बाजूची आणि विरुद्धची अशी दोन फळ्यांत वाटली गेली होती. म्हाळसाला त्या रात्री झोपेतही झुणझुण ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी गर्दीमुळं मांडवाच्या कनाती वर बांधाव्या लागल्या. म्हाळसानं सारजाला दारोदार फिरवलं. सारजाला दिसलं, की रसवंतीच्या मागं एक शेळी हिंडतेय. गळ्यात दावं, दाव्याचं दुसरं टोक तुटलेलं. चरकाजवळ ताजी वाढी पडलेली. आणि कंपाउंडर तर शपथेवर सांगतोय, की मी त्या दिवशी रसवंतीकडं फिरकलोच नाही! हे सांगताना त्याला दरदरून घाम फुटलेला. म्हाळसानं इथं थांबून माईक ठेवला, आणि लोक टाळ्या वाजवीत उठायला लागले.

तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून कुशाबाईचा आवाज आला. आयुष्यभर माळावर मेंढरांना हाका मारलेला तो आवाज, त्याला माईक कशाला हवा!

"अवो, कंपाउंडरच हाय त्यो! शेळी दावं वढत हिंडतीया, म्हंजे ती कशाला तरी बांधली हुती. चरकाच्या चाकाला बांधली, आन वाढी टाकली हाताभर लांब. शेळी वाढ्याकडं झेप घेती, चाक हलतं, घुंगरं वाजत्यात. मेल्यालं मानूस घुंगरं वाजवीत न्हाय, शेळी वाजवती! तात्या तर दुपारीच मेल्याला."

मांडवात असा गिल्ला उठला, की गणपतीपुढची समई विझते की काय वाटावं. "म्हातारीनं फोडला!" "शेळी! आयला, शेळी!" सगळ्यांनी वळून म्हाळसाकडं पाहिलं. ती तोंड उघडं टाकून उभी होती. कारण ते खरं होतं. शब्दन् शब्द खरं. शेळीची युक्ती तिनं महिनाभर घोळवून काढली होती.

"म्हाळसे, व्हय का गं?" सुकन्यानं रडकुंडीला येऊन विचारलं.

"उद्या," म्हाळसा कशीबशी म्हणाली.

टेंपोच्या केबिनमध्ये तिघं दाटीनं बसली होती. टेंपो माळेगावच्या पुढं आला. तेव्हा कुशाबाईच म्हणाली, "मी काय वंगाळ बोलले का?"

म्हाळसा एकदम हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्याबाई, वंगाळ कशाचं? मला आजवर कुनी धरलंच न्हवतं. तुमी धरलं!" तिला राग नव्हता आला. तिच्या अंगावर काटा आला होता. समोर असा कान देऊन ऐकणारं माणूस बसलंय, आणि ते आपल्याच घरात पीठ मळतं, हे तिला आजवर कळलं नव्हतं. पण उद्याचं काय? सगळ्यांना कळून चुकलेला खुनी उद्या कुणाला दाखवायचा? आणि नवा खुनी आकाशातून पाडायचा तर जुळ्या भावाची गत. राम म्हणाला, "म्हन की, गळा बसलाय." म्हाळसानं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं गुमान गिअर बदलला.

सकाळी भाकऱ्या थापताना तिचं डोकं डाळजच्या फाट्यावरच होतं. शेळी, दावं, वाढी, कंपाउंडर. घुंगरं वाजली. वाजली म्हणून सगळं. घुंगरं वाजली नसती तर... आणि तिचा हात पिठातच थांबला. तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला.

घुंगरं ऐकली कुणी?

टपरीवाल्या बाईनं. एकट्या टपरीवाल्या बाईनं! मास्तरांना ऐकू येत नाही. ते तर तिनं लोकांना हसवायला म्हणून बहिरे केले होते. आणि तो फोटो, आणि एका डोळ्याची जीप, आणि समोरची टपरी टाळणारा तात्या... सगळं तिनं मजेमजेत टाकलं होतं, आणि सगळं आता एका बाजूला पळत सुटलं होतं, जशी मेंढरं संध्याकाळी वाघुरीच्या जाळीकडं पळतात. पण मधे एक धोंडा होता. पहिल्या दिवशी आपण नेमकं काय म्हणालो? "घुंगरं वाजली" असं आपल्या तोंडानं सांगितलं असेल, तर मेलो. मग ती वाजलीच. मग बाईला खोटं ठरवणं म्हणजे आपण खोटं बोललो. बांगड्या तर हलवल्या होत्या, ते आठवत होतं. पण कुणाच्या बोलण्यात?

गोठ्यात कुशाबाई म्हशीची धार काढत होती. म्हाळसा पिठाच्या हातानंच तिथं गेली. जिच्यापासून लपवायचं तिलाच विचारायचं होतं. पण दुसरं होतं कोण? सगळ्या पणदऱ्यात तशी आठवण दुसऱ्या कुणाला नव्हती.

"आत्याबाई, पैल्या दिशी घुंगराचं मी कसं सांगितलं?"

"कुठली घुंगरं? सुरवातीची, का खुनानंतरची?"

"खुनानंतरची."

कुशाबाईनं धार थांबवली नाही. ओवी म्हणावी तसं, डोळे मिटून तिनं म्हटलं, "फौजदारानं इचारलं. मग टपरीवाली बाई म्हनाली, शाळा सुटायच्या वक्ताला घुंगरं वाजली, झुनझुन, मी आपल्या कानानं ऐकली, हे मास्तर हितंच..." धारेचा आवाज थांबला. कुशाबाईनं डोळे उघडले. "बाई म्हनाली," ती हळूच म्हणाली. "तू न्हाय म्हनलीस."

म्हशीनं मान वळवून पाहिलं.

"अगं बया!" कुशाबाईचा हात तोंडावर गेला. "म्हंजे शेळी..."

"शेळी शेळीच हुती, आत्याबाई."

"आन दावं?"

"तुमीच सांगा. शेळी दावं तोडती का न्हाय?"

"रोज!" कुशाबाईच्या अख्ख्या तोंडावर सुरकुत्यांचं जाळं पसरलं. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं, कुणी ऐकत नाही ना, आणि आवाज खाली आणला. "आज मी काय बोलत न्हाय. तुजी शपथ."

तिसऱ्या दिवशी माणूस मावेना. गेटाबाहेरची, शेजारच्या कारखान्यातलीसुद्धा माणसं आली. बातमी फुटली होती, की एका म्हातारीनं खुनी ओळखलाय आणि आज सांगणारीची फजिती बघायला मिळणार. श्रीपादराव वाचनालय लवकर बंद करून आले होते आणि मागच्या खुर्चीवर छत्री टेकून बसले होते. लोक वाकून वाकून कुशाबाईला विचारत होते, "काय आजी, शेळीच ना?"

"शेळीच की! दुसरं काय असनार?" कुशाबाई ठणकावून सांगत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. सतरंजीवरून तिनं सुनेकडं एकदाच पाहिलं आणि पदर सावरला.

म्हाळसानं सुरुवातीलाच कंपाउंडरला धरलं. सारजानं फौजदाराला शेळीची सगळी हकिगत सांगितली, दावं दाखवलं, वाढी दाखवली. मांडवात टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या, कुणी तरी ओरडलं, "झाली गोष्ट! म्हातारी जिंकली!" काही लोक चपला शोधायला लागले. फौजदार कंपाउंडरला घेऊन निघाला. कंपाउंडर रडत म्हणत होता, "मी गेलो हुतो, पन त्यो आधीच मेल्याला हुता! भ्यालो, पळालो, वाढी तितंच पडली!" फौजदार कुठला ऐकायला.

"तवा सारजा म्हनली, थांबा," म्हाळसा म्हणाली, आणि स्वतःच थांबली. चपला शोधणारे थांबले. "सारजा म्हनली, फौजदारसाहेब, शेळी ऱ्हाऊ द्या. घुंगरं कुनी ऐकली?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले.

"मी तुमाला इचारतीया," म्हाळसानं माईक पुढं केला. "घुंगरं कुनी ऐकली?"

"टपरीवाल्या बाईनं," सुकन्या म्हणाली.

"आनखी?"

"मास्तरनं!" एक ड्रायव्हर ओरडला.

"मास्तरला ऐकू येतं?"

मग मागून कुणी तरी "आरारारा!" असं लांबच लांब ओरडलं, आणि मांडव फुटला. लोक उभे राहिले. एकमेकांच्या पाठीत बुक्क्या मारायला लागले. वॉचमन आपल्याच कपाळावर हात मारून घेत होता. सुकन्या किंचाळली, "वाजलीच न्हाईत! घुंगरं वाजलीच न्हाईत!" मागच्या खुर्चीवरचे श्रीपादराव छत्री हवेत हलवत होते.

गलका निवल्यावर म्हाळसानं आवाज उतरवला. सारजा रस्ता ओलांडून टपरीत गेली. आजवर तिनं गावातल्या सगळ्या सवाष्णींचे हात धरले होते, या मोकळ्या हाताकडं कधी बघितलंच नव्हतं. तिनं बाईचं मनगट हातात घेतलं. बाई फोटोकडं बघत म्हणाली, "जीपचा त्यो दिवा कुनाच्या अंगावर फुटला, ते अख्ख्या फाट्याला ठावं हुतं. कुनी बोललं न्हाय. त्यो रोज माज्यासमोर रस काढायचा. त्या दुपारी त्यो पेंगला, तवा मी रस्ता वलांडला." शाळा सुटायच्या वेळेला मास्तर समोर बसलेले, म्हणून तिनं घुंगरं त्या वेळेला वाजवली. तोंडानंच.

आता मांडवात बायांचे पदर डोळ्यांना लागले. "तिला सोड की गं," सुकन्या अगदी खरोखरीची बाई असल्यागत म्हणाली. शेवट काय करायचा ते म्हाळसानं ठरवलंच नव्हतं. तिनं माईक पुन्हा तोंडाशी धरला. सारजानं मनगट सोडलं नाही आणि ओढलंही नाही. ती म्हणाली, "आत कोठडीत तात्याचा भाऊ बिनागुन्ह्याचा बसलाय. चल, मी संगट येते." बाईनं स्टोव्ह बंद केला, फोटोवरची धूळ पदरानं पुसली, आणि दोघी रस्त्यानं निघाल्या.

टाळ्या पडल्या त्या थांबेनात. गर्दीतून एक जण अजून भांडत होता, "पन दावं तुटलं कसं? ते काय जमलं न्हाय!" त्याच्याकडं कुशाबाई वळली. "तू शेळ्या राखल्यात का कवा, पाव्हन्या? न्हाय ना? मग आमच्या गोठ्यात ये, उद्या दाखवते." श्रीपादराव गर्दीतून वाट काढत पुढं आले. त्यांना दम लागला होता. "आधीच्या दोन दिवसांचं मी लोकांकडून विचारून घेतलं," ते म्हणाले. "खोटं बोलली नाहीस. एकदाही नाही!" म्हाळसाला तेवढं ऐकून कुठं बसावं कळेना, ती गणपतीच्या पायरीवरच बसली.

पुढं तिला बोलावणी यायला लागली. त्या हिवाळ्यात इंदापूरच्या एका महिला मंडळानं बोलावलं, मग भिगवणच्या शाळेनं, मग दुसऱ्या एका कारखान्यानं. नोकरी तिनं सोडली नाही. पाळी संपवून ती जायची, आणि कुशाबाई बरोबर असायचीच. नवा खून रचला, की तो आधी कुशाबाईला ऐकवायचा, आणि तिनं धरला तर मोडून पुन्हा बांधायचा, असा घरात शिरस्ताच पडला. राम म्हणायचा, "आमच्या घरात जेवताना मुडदा लागतो, चटनी नसली तरी चालंल."

इंदापूरच्या मंडळाची रोहिणी म्हणून एक तरणी कार्यकर्ती होती. तिनं आपल्या दिवाळी अंकासाठी म्हाळसाकडं कथा मागितली. म्हाळसा कागद घेऊन बसली आणि पहिल्यांदाच तिची वाचा बसली. समोर तोंडं नाहीत, कुठं थांबायचं ते कळेना. चार पानं फाडून झाल्यावर कुशाबाई ज्वारी पाखडायचं सूप घेऊन तिच्यासमोर येऊन बसली. "मला सांग. मग ल्ही." तशी ती सांगत गेली आणि लिहीत गेली, आणि कथा पूर्ण झाली.

अंक छापून आला, त्या संध्याकाळी म्हाळसानं तो अंगणात मोठ्यानं वाचून दाखवला. स्वतःचं छापलेलं नाव तिनं दोनदा वाचलं. रामनं टेंपोचं इंजिन बंद करून ऐकलं. कुशाबाई मात्र ऐकता ऐकता कपाळाला आठ्या घालत होती. खुनी सापडला तिथं तिनं हात वर केला.

"थांब. हितं मी 'अगं बया' म्हनले हुते. ते कुठं गेलं?"

"आत्याबाई, ते तुमी म्हनला हुतात. गोष्टीतलं न्हवतं ते."

"मग गोष्ट अर्धीच छापली की त्यांनी!" कुशाबाई खवळली. "त्या रोहिनीला कळीव. फुडच्या टायमाला समदं छापायचं म्हनावं."

म्हाळसाला इतकं हसू लोटलं, की अंक तिच्या हातातून सुटून अंगणात पडला. रामनं तो उचलला, धूळ झटकली, आणि कंदिलाजवळ धरून ते पान स्वतःच पहिल्यापासून वाचायला लागला.